लिआंग वेइकेंगचा खेळ नेमका कसा वाचायचा? (बॅडमिंटन, पुरुष दुहेरी, चीन)

सांगलीकर_शटलर:

चीनच्या लिआंग वेइकेंगबद्दल जाणकारांकडून सविस्तर हवं आहे. आपल्याकडे तो ओळखला जातो तो आपल्या सात्विक-चिराग जोडीला फायनलमध्ये अडवणारा म्हणून. पॅरिस ऑलिंपिकचं रौप्य, थॉमस चषक (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) वगैरे यादी कुठेही मिळते, ती नकोय. मला कळत नाही ते असं, की २०२२ च्या आधी या मुलाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं आणि दोन वर्षांत तो ऑलिंपिकला अव्वल मानांकित म्हणून उतरला, हे झालं कसं? दुसरं म्हणजे त्याची आणि वांग चांगची जोडी पहिला गेम हरूनही सामना काढते, त्यामागे खेळातलं काही कारण आहे की नुसता धीर? आणि क्लबातल्या १५-१६ वर्षांच्या, दुहेरी खेळणाऱ्या मुलांनी त्याच्याकडून काय उचलावं? सगळे व्हिडिओ स्मॅशचे असतात, त्यातून हाती काही लागत नाही.

मिडकोर्ट:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर निम्मं कॅलेंडरमध्ये आहे.

लिआंगचा जन्म ३० नोव्हेंबर २००० चा, ग्वांगझूचा. ग्वांगदोंग प्रांत, म्हणजे चीनचा दुहेरीतला जुना ऑलिंपिक विजेता फू हायफेंग याचाच प्रांत. ज्युनिअर गट १९ वर्षांखालचा असल्यामुळे २००० साली जन्मलेल्यांचं ज्युनिअरचं शेवटचं वर्ष २०१८. पुढचं वर्ष सिनिअर गटात रुळण्यात जातं. मार्च २०२० नंतर टोकियो ऑलिंपिकपर्यंत चीनने आपले खेळाडू जागतिक दौऱ्यावर पाठवलेच नाहीत, आणि टोकियोनंतर बाहेर पडले ते मुख्यतः प्रस्थापित. म्हणजे १९ ते २१ या वयात, जेव्हा इतर देशांतली मुलं छोट्या स्पर्धांमधून वर चढत असतात, तेव्हा हा मुलगा चीनमध्येच संघातल्या जोड्यांशी खेळत होता. नाव ऐकलं नव्हतं ते त्यामुळे.

तुलना करायची तर सात्विकशी करा. सात्विकचा जन्म ऑगस्ट २००० चा, लिआंगपेक्षा जेमतेम तीन-साडेतीन महिने मोठा. पण लिआंग बाहेर दिसला तोपर्यंत सात्विक-चिरागच्या खात्यावर २०१८ चं राष्ट्रकुल रौप्य होतं, २०१९ ची थायलंड ओपन होती, त्याच वर्षीची फ्रेंच ओपनची फायनल होती आणि २०२२ चा थॉमस चषकही. वय एकच, पण आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव एकाकडे चार-पाच वर्षांचा आणि दुसऱ्याकडे फारसा नाही.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे रिकामी झालेली जागा. टोकियोची फायनल चीनचे ली जुनहुई-लिउ युचेन हरले, आणि त्यानंतर काही महिन्यांत ली जुनहुईने निवृत्ती घेतली. जोडी फुटली. लिउ युचेनला ओउ श्वानयीसोबत नव्याने उभं करण्यात आलं आणि दुसऱ्या जोडीची जागा मोकळी राहिली. तिथे लिआंग-वांग बसवले गेले. वांग चांग (जन्म मे २००१) ज्युनिअरला दि झिजियानबरोबर खेळायचा. २०१९ च्या कझानमधल्या जागतिक ज्युनिअर फायनलमध्ये ते इंडोनेशियाच्या लिओ-डॅनियलकडून हरले होते. म्हणजे ही लहानपणापासूनची जोडी नव्हे, प्रशिक्षकांनी जमवलेली आहे.

मग वेग बघा. जून २०२२ ला इंडोनेशिया मास्टर्सची फायनल, इंडोनेशियाच्या फजर-रियानकडून सरळ पराभव. सप्टेंबरमध्ये ओसाकाला जपान ओपन जिंकली, डेन्मार्कच्या आस्ट्रुप-रासमुसेनविरुद्ध २१-१८, १३-२१, २१-१७. जानेवारी २०२३ मध्ये मलेशिया ओपनची फायनल हरले, पाठोपाठ दिल्लीत इंडिया ओपन जिंकली, मलेशियाच्या चिया-सोहला १४-२१, २१-१९, २१-१८ असं हरवून. त्याच वर्षी कोपनहेगनला जागतिक कांस्य, शेन्झेनला चायना मास्टर्स, वर्षाअखेर वर्ल्ड टूर फायनल्सची फायनल (कोरियाच्या कांग-सेओकडून हार). २०२४ ला जानेवारीत मलेशिया ओपन, एप्रिलमध्ये निंगबोला आशियाई विजेतेपद, पाठोपाठ चेंगदूला थॉमस चषक, जूनमध्ये इंडोनेशिया ओपन. ऑगस्टमध्ये पॅरिस.

लिआंगची ताकद मागच्या कोर्टातून सतत मारत राहण्यात आहे, वांग पुढे जाळीवर. या साच्यात दोघं चपखल बसले आणि म्हणून वर आले, असं माझं मत.

बॅकहँड_बुवा:

मिडकोर्ट, तारखांबद्दल वाद नाही. पण शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. "लिआंग मागे, वांग पुढे" हे त्यांचं आवडतं रूप आहे, पण निव्वळ मागून मारणारे जगात वीस असतील. सात्विकचा स्मॅश तर ५६५ किमी प्रतितास म्हणून गिनेसमध्ये नोंदला गेलाय. जोराच्या हिशेबात लिआंग त्याच्या जवळपासही नाही. तरी गुण मिळतात, ते स्मॅशच्या आधीच्या तीन फटक्यांत.

दुहेरीत सर्व्हिस हा पहिला फटका, रिसीव्ह दुसरा, आणि सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा पुढचा तिसरा. लिआंग-वांगचे बरेचसे गुण तिसऱ्या ते सहाव्या फटक्यात ठरतात. स्मॅश हा त्या गुणाचा शेवट असतो आणि व्हिडिओत नेमका तोच कापून दाखवतात.

सर्व्हिसपासून बघू. २०१८ पासून नियम असा, की फटका बसताना पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. जाळी मध्यावर १.५२४ मीटर. म्हणजे फूल (शटल) किमान ३७-३८ सेंमी वर चढवायचं आणि समोरच्याला खाली दाबता येणार नाही इतकं जाळीला चिकटून काढायचं. फुलाचा सर्वांत उंच बिंदू जाळीच्या अलीकडे, आपल्या बाजूला यायला हवा, म्हणजे जाळीच्या वरच्या पट्टीवरून जाताना ते उतरतं असतं. उंच बिंदू जाळीच्या पलीकडे गेला की समोरचा ते चढत असतानाच घेतो आणि गुण तिथेच गेला. (२०२३ मध्ये फिरकी सर्व्हिसवर बंदी आली तीही यामुळेच की तिच्यापुढे रिसीव्हरला काही करताच येईना.)

यानंतर खरी मेख. सर्व्हिस होताच लिआंगची रॅकेट कुठे असते ते बघा. फूल रॅकेट सोडतं न सोडतं तोच रॅकेटचं डोकं पट्टीच्या उंचीला आलेलं असतं आणि पुढचा पाय टीवर (मधली रेषा छोट्या सर्व्हिस रेषेला मिळते तिथे) रुतलेला. त्यामुळे समोरच्याचा जाळीजवळचा छोटा फटका बंद होतो. मग समोरच्याकडे राहतं काय? अंगावर पुश (सपाट ढकललेला फटका), नाहीतर अर्ध्या कोर्टात बाजूच्या रेषेलगत टाकलेलं फूल. हे दोन्ही घ्यायला मागे जोडीदार असतो, मधल्या रेषेवर पाय फाकवून, सर्व्हिस करणाऱ्याच्या साधारण दीड मीटर मागे. तो उचलत नाही, म्हणजे फूल उंच मागे देत नाही, सपाट ठेवतो. समोरच्यालाच उचलावं लागतं, आणि मग तुमच्या व्हिडिओतला स्मॅश.

हे दोघंही करतात, दोन्ही जागांवरून. सर्व्हिस लिआंगची असेल तेव्हा लिआंग पुढे आणि वांग मागे, म्हणजे "आवडत्या रूपा"च्या नेमकं उलट. तरी त्यांचा तिसरा फटका ढिला पडत नाही. उलट जागेवरही न फुटणं ही त्यांची किंमत.

मिडकोर्ट:

मान्य, तरी एक जोडतो. उलट्या जागेवरून ते जितक्या लवकर आवडत्या जागेवर येतात तेही धरा. वांग मागे अडकला की तो बाजूच्या कोपऱ्यातून सरळ स्मॅश मारून त्याच रेषेने पुढे घुसतो आणि लिआंग दुसऱ्या बाजूने मागे सरकतो. अदलाबदल मारताना होते, मारून झाल्यावर नाही.

पंधराशेचोवीस:

तिसऱ्या गेमबद्दल. आधी आकडे मांडतो, मग बोलू. लिआंग-वांग विरुद्ध सात्विक-चिराग, मोठ्या लढती (विजेता आणि त्याच्या बाजूने गुण):

जाने. २०२३, मलेशिया ओपन उपांत्य: चीन २१-१६, ११-२१, २१-१५
जुलै २०२३, कोरिया ओपन उपांत्य: भारत २१-१५, २४-२२
ऑक्टो. २०२३, हांगझोऊ आशियाई स्पर्धा, सांघिक फायनल: भारत २१-१५, २१-१८
नोव्हें. २०२३, चायना मास्टर्स फायनल: चीन २१-१९, १८-२१, २१-१९
जाने. २०२४, मलेशिया ओपन फायनल: चीन ९-२१, २१-१८, २१-१७
ऑगस्ट २०२५, पॅरिस जागतिक स्पर्धा, तिसरी फेरी: भारत १९-२१, २१-१५, २१-१७
सप्टें. २०२५, हाँगकाँग ओपन फायनल: चीन १९-२१, २१-१४, २१-१७
डिसें. २०२५, वर्ल्ड टूर फायनल्स, गट: भारत १२-२१, २२-२०, २१-१४
त्याच स्पर्धेची उपांत्य फेरी: चीन १०-२१, २१-१७, २१-१३

सामना दोन गेममध्ये संपला तो दोन्ही वेळा भारताच्या बाजूने. तिसरा गेम सात वेळा झाला, त्यात पाच चीनचे. आणि त्या पाचांपैकी तीनदा चीनने पहिला गेम गमावलेला, एकदा तर ९-२१ असा. भारताने तिसऱ्या गेममध्ये जिंकलेले दोन्ही सामने २०२५ चे आहेत, हेही नोंदवून ठेवा. त्यावर शेवटी येतो.

धीर वगैरे असतोच, पण सुरुवात फुलापासून करा. मोठ्या हॉलमध्ये वातानुकूलनाची हवा एका दिशेने वाहते. हवा पाठीशी असलेल्या टोकाकडून उचललेलं फूल बाहेर जातं. हवा समोरून येत असेल तर तेच फूल अर्धवट पडतं आणि समोरचा ते ठोकतो. पहिल्या दोन गेममध्ये प्रत्येक जोडीला एक-एक टोक पूर्ण मिळतं, तिसऱ्यात ११ ला टोकं बदलतात. म्हणून ९-२१ हरलेल्या गेमवरून दुसऱ्या गेमबद्दल फार काही सांगता येत नाही. सामना एकतर्फी नसतो, कधीकधी टोक एकतर्फी असतं.

आता सात्विक-चिरागचं बलस्थान. दोघंही उंच, दोघंही मागून मारू शकतात. सात्विकला उचललेलं फूल द्यायचं नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे, पण पहिल्या गेममध्ये ते पाळणं अवघड जातं, कारण त्यांच्या सर्व्हिसचा आणि पहिल्या पुशचा वेग अजून डोळ्यांत बसलेला नसतो. लिआंग-वांग दुसऱ्या गेमपासून दोन गोष्टी बदलताना दिसतात. एक, रिसीव्हवर जाळीजवळचं कमी आणि सर्व्हिस करणाऱ्याच्या रॅकेटकडच्या खांद्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात सपाट पुश जास्त. उंच माणसाला अंगातलं फूल काढायला कोपर मागे न्यावं लागतं, त्यात वेळ जातो. दोन, बचावात उचलण्याऐवजी ब्लॉक (स्मॅश नुसता अडवून फूल आखूड टाकणं), तोही बाजूला नव्हे तर मध्ये, पुढच्या आणि मागच्या खेळाडूच्या दरम्यान. मागचा मारून तोल सावरत असतो, पुढचा जाळीला चिकटलेला असतो, ते फूल दोघांचंही आणि कुणाचंच नाही.

मागून जोरात मारण्याला पायांची किंमत मोजावी लागते. तिसऱ्या गेममध्ये उडी थोडी उतरली की तोच स्मॅश अर्धा हात खालून निघतो, सपाट होतो, आणि सपाट स्मॅश हे लिआंगसारख्याचं खाद्य. तो ब्लॉक करत नाही, ड्राइव्हने, म्हणजे सपाट जोराच्या फटक्याने, परत पाठवतो. स्वतः त्याला सपाट खेळात उडी लागत नाही, त्यामुळे १५ गुणांनंतर त्याच्या वेगात पडणारा फरक कमी.

आणि २०२५ मध्ये काय बदललं? प्रशिक्षक माथियस बो पॅरिसनंतर गेले, जुने प्रशिक्षक टान किम हर परत आले. माझ्या मते भारतीय जोडी आता सपाट देवाणघेवाणीत आधीपेक्षा दोन-तीन फटके जास्त टिकते आणि पहिल्या संधीला अधाशासारखा स्मॅश मारत नाही. डिसेंबरमध्ये एकाच आठवड्यात एक सामना इकडे, एक तिकडे.

फूलपाखरू:

पॅरिसच्या फायनलबद्दल कुणीच बोललं नाही! "तिसरा गेम चीनचा" हा ठोकताळा तिथेच मोडला होता. तैवानचे ली यांग-वांग ची-लिन क्रमवारीत बरेच खाली होते आणि २१-१७, १८-२१, २१-१९ असं सुवर्ण घेऊन गेले. पुरुष दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण राखणारी ती पहिली जोडी. (ली यांग आता तैवानचा क्रीडामंत्री आहे. बॅडमिंटनवाल्यांची अशी बदली क्वचितच होते.)

बॅकहँड_बुवा:

ती फायनल या धाग्याला पूरकच आहे. तैवानच्या जोडीने लिआंग-वांगना त्यांच्याच दुकानात गाठलं: सपाट, जलद, मध्यावर. वांग ची-लिनकडे मागून वजन होतं आणि ली यांग जाळीवर हात लवकर वर घेत होता. सपाट खेळणाऱ्याची अडचण अशी, की समोरचाही तितकाच सपाट खेळला तर सुटकेचा मार्ग एकच उरतो, उचलणं. आणि सततच्या सपाट खेळात घाईने उचललेलं फूल आखूड पडतं. २१-१९ म्हणजे फरक दोनच गुणांचा, त्यामुळे त्यावर मोठे सिद्धांत बांधू नयेत.

मात्र एक गोष्ट चिनी पुरुष दुहेरीबद्दल खरी आहे. काई युन-फू हायफेंग यांनी चार जागतिक विजेतेपदं (२००६, २००९, २०१०, २०११) आणि लंडनचं सुवर्ण मिळवलं, मग फू-झांग नान यांनी रिओ, मग २०१८ ला ली-लिउ जगज्जेते. त्यानंतर जागतिक किंवा ऑलिंपिक सुवर्ण नाही. २०२५ च्या जागतिक फायनललाही चीनचे चेन बोयांग-लिउ यी पोचले होते, लिआंग-वांग नाही. आणि जिंकले कोरियाचे किम वोन-हो-सेओ सेउंग-जे. लिआंगची कारकीर्द मोजताना ही रिकामी खुंटी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. सुपर १००० (जागतिक दौऱ्यावरच्या वरच्या दर्जाच्या) स्पर्धा जिंकणारे बरेच असतात.

सांगलीकर_शटलर:

भरपूर मिळालं, आभार. एक मधलाच प्रश्न. जोडी प्रशिक्षक ठरवतात म्हणता, मग खेळाडूला काहीच म्हणणं नसतं का? आणि जोडी मोडली तर क्रमवारीचे गुण कुणाचे? आपल्याकडे जिल्हा स्पर्धेला मुलं दर महिन्याला जोडीदार बदलतात.

मिडकोर्ट:

गुण जोडीचे, खेळाडूचे नाहीत. जागतिक क्रमवारीत मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धा धरतात. सुपर १००० जिंकली तर १२,०००, सुपर ७५० ला ११,०००, सुपर ५०० ला ९,२००, सुपर ३०० ला ७,०००. नवीन जोडीदार घेतला की त्या जोडीचं खातं नव्याने भरायचं. म्हणून वरच्या जोड्या ऑलिंपिकच्या पात्रता वर्षात सहसा हलवत नाहीत आणि ऑलिंपिक संपलं की सगळीकडे उलथापालथ सुरू होते.

चीनमध्ये पायऱ्या साधारण अशा: स्थानिक क्रीडाशाळा, प्रांताचा संघ, राष्ट्रीय दुसरा संघ, राष्ट्रीय पहिला संघ. प्रांत मुलाला घडवतो आणि चार वर्षांनी येणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याच्याकडून परतफेड घेतो (२०२१ शान्शी, २०२५ ग्वांगदोंग-हाँगकाँग-मकाव). राष्ट्रीय संघात मात्र प्रांत बाजूला ठेवून जोड्या जमवतात. फू ग्वांगदोंगचा, काई जिआंग्सूचा. खेळाडूचं मत विचारात घेत असतीलही, पण निर्णय प्रशिक्षक मंडळाचा. यातून होणारा फायदा बुवांनी वर सांगितलाच: लहानपणापासून तीन-चार वेगवेगळ्या जोडीदारांसोबत, दोन्ही जागांवर सराव झाल्यामुळे उलट्या जागेवर कुणी भांबावत नाही. तुमच्या मुलांनी जोडीदार बदलण्यात वाईट काही नाही, जागा बदलत नाहीत हे वाईट. पुढे खेळणारा मुलगा प्रत्येक जोडीत पुढेच उभा राहतो.

सांगलीकर_शटलर:

पटलं. आता सरावाचं सांगा. चार मुलं, एक कोर्ट, दोन तास, आठवड्यात तीन दिवस.

बॅकहँड_बुवा:

चार मुलांना हे पुरेसं आहे. स्मॅश पहिले सहा आठवडे वेगळा शिकवू नका.

सर्व्हिस. जाळीच्या पट्टीच्या वर २० सेंमीवर दोरा ताणा, दोन्ही खांबांना काठ्या बांधून. प्रत्येकाने ३० फुलं: १० टीवर, १० रिसीव्हरच्या अंगावर, १० बाहेरच्या रेषेकडे. दोऱ्याखालून आणि छोट्या सर्व्हिस रेषेच्या (जाळीपासून १.९८ मीटर) पलीकडे पडलेलं फूलच मोजायचं. १० पैकी ८ यायला लागले की दोरा १५ सेंमीवर आणा. सर्व्हिसच्या सरावाला पिसं तुटलेली फुलं वापरू नका, ती डगमगतात आणि मूल स्वतःचा हात दुरुस्त करत बसतं, दोष फुलाचा असतो. तुटकी फुलं बास्केट सरावाला (टोपलीतून एकामागून एक फुलं देऊन करायच्या) ठेवा. नायलॉनचं फूल तर इथे अजिबात नको. ते पिसांच्या फुलासारखं मंदावत नाही, त्यामुळे सर्व्हिस आणि ब्लॉक दोन्हींचा अंदाज कायमचा बिघडतो.

फ्लिक (छोटी सर्व्हिस दाखवून अचानक मागे उडवलेली) साधारण आठ-दहा सर्व्हिसमागे एक, ठरावीक क्रमाने कधीच नाही. दुहेरीचा सर्व्हिस चौकोन छोट्या रेषेपासून मागे ३.९६ मीटरच असतो, एकेरीपेक्षा ७६ सेंमी आखूड. म्हणून फ्लिक उंच आणि लांब मारण्यात अर्थ नाही. रिसीव्हरच्या ताणलेल्या रॅकेटच्या थोडं वरून, पटकन. मुलं फ्लिकआधी मनगट मागे मोडतात किंवा श्वास धरतात, समोरच्याला तेवढं पुरतं.

तिसरा फटका. सर्व्हर, जोडीदार, रिसीव्हर असे तिघं, चौथा बाजूला मोजायला. पहिल्या आठवड्यात रिसीव्हरला दोनच फटक्यांची परवानगी: अंगावर पुश किंवा अर्ध्या कोर्टात बाजूला. १२ सर्व्हिस झाल्या की जागा बदला. तिसऱ्या फटक्यानंतर खेळ थांबवा आणि फक्त एक प्रश्न विचारा, फूल पट्टीच्या वर किती होतं? हातभर वर असेल तर गुण रिसीव्हरचा. हमखास होणाऱ्या चुका: सर्व्हिस करून रॅकेट मांडीपर्यंत खाली पडते, सर्व्हर स्वतःच्या फुलाकडे बघत उभा राहतो, जोडीदार घाबरून फार मागे उभा राहतो, मग अर्ध्या कोर्टातलं फूल त्याला कमरेखाली मिळतं आणि उचलावंच लागतं. तिसऱ्या आठवड्यापासून रिसीव्हरला सगळं मोकळं.

सपाट ड्राइव्ह. समोरासमोर दोघं, प्रत्येकजण छोट्या रेषेच्या एक मीटर मागे. ४० सेकंद खेळ, ४० सेकंद विश्रांती, सहा फेऱ्या. फूल पट्टीला चिकटून. कोपर शरीराच्या पुढे हवं. ते मागे गेलं की झोका मोठा होतो आणि पुढच्या फुलाला उशीर. मूठ सतत आवळलेली असेल तर दोन मिनिटांत हात भरून येतो. फटक्याच्या क्षणीच आवळायची, लगेच सैल.

बचाव. समोर दोघं मारणारे, इकडे दोघं. स्मॅश ज्याच्या सरळ रेषेत येतो तो एक पाऊल मागे, तिरक्या बाजूचा एक पाऊल पुढे, कारण तिरका स्मॅश लांबून आणि हळू येतो. मधल्या फटीतलं फूल कुणाचं हे आधी ठरलेलं हवं. आमच्याकडे पद्धत तिरक्या बाजूच्याने घ्यायची, तुमच्याकडे वेगळी असेल तरी चालेल, पण ती एकच असावी. दोन्ही रॅकेट आपटतात त्या न ठरवल्यामुळे.

शेवटी २० मिनिटं सामना, पण एका नियमासह: फूल उचललं की उचलणाऱ्याचा गुण गेला. पहिले दोन दिवस मुलं वैतागतील.

पंधराशेचोवीस:

रॅकेटबद्दल कुणी विचारलं नाही, पण विचारतीलच. जागतिक पातळीवरच्या पुरुषांची तार साधारण ३० पौंडांच्या आसपास ताणलेली असते. १५ वर्षांच्या मुलाला २२ ते २४ पौंड पुरे. ताण वाढला की रॅकेटचा चांगला भाग आकसतो, सपाट खेळात थोडं बाहेर लागलेलं फूल मरून पडतं, आणि मूल ते भरून काढायला खांदा ओढतं. कोपराच्या दुखण्यांचा मोठा वाटा इथला. दुहेरीला डोक्याकडे जड रॅकेट देण्याचा मोहही टाळा; बचावात आणि ड्राइव्हमध्ये ती फिरायला उशीर करते.

फूलपाखरू:

आणि मुलांना दाखवायचा सामना? हाँगकाँगची फायनल की शेन्झेनची?

पंधराशेचोवीस:

शेन्झेन, नोव्हेंबर २०२३. तिसरा गेम, टोकं बदलल्यानंतरचा भाग. पहिल्यांदा आवाज बंद करून सलग दाखवा. दुसऱ्यांदा प्रत्येक सर्व्हिसनंतर तिसऱ्या फटक्याला थांबवा आणि कागदावर चार रकाने करायला लावा: सर्व्हिस कुठे, रिसीव्ह कुठे, तिसरा फटका सपाट की उचललेला, गुण कुणाला. फुलामागे कॅमेरा धावणारी संकलित क्लिप नको, मागच्या टोकाच्या उंचीवरून पूर्ण कोर्ट दिसणारं चित्रण घ्या, नाहीतर मागचा जोडीदार कुठे उभा आहे ते दिसतच नाही. एका मुलाला फक्त लिआंग द्या, दुसऱ्याला वांग, उरलेल्या दोघांना चिराग आणि सात्विक. चिराग मुंबईचा म्हणून सगळे त्यालाच मागतील, तेव्हा चिठ्ठ्या टाका.